पोचेवरची सही

सातारा, १२ जुलै १९९५

चि. अवधूत यास,
अनेक आशीर्वाद.

वर्ष उलटून गेलं, तुझं एका ओळीचं कार्ड नाही. हुबळीला टपाल जातच नाही, असं मी शाळेच्या ऑफिसात सांगून बघितलं. पण भूगोलाच्या मास्तरांनी मला तिथल्या तिथे खोटं पाडलं. असो. तू लिहीत नाहीस म्हणून मी लिहायचं नाही, असं काही ठरलेलं नाही.

तुझा राग माझ्यावर नाही, अण्णांवर आहे, हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात बँकेच्या साहेबानं टेबलावर नोटिशीची ती गुलाबी पोच टाकली, तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. पोचेवर अण्णांची सही होती, तारखेचा शिक्का फिसकटलेला. "म्हाताऱ्यानं जप्तीची नोटीस घेतली आणि उशाखाली घालून मेला," असं तू भर बँकेत म्हणालास. यांचं श्राद्ध माझ्या हातून होणार नाही, असंही म्हणालास. मला वाटलं होतं, रागाचं बोलणं आहे, उतरेल. पण या माघ वद्य पंचमीला वर्षश्राद्ध झालं नाही. हरिपूरच्या गुरुजींनी मला कार्ड टाकून विचारलं, की मुलगा आजारी आहे का. मी 'हो' लिहिलं. तुझ्यासाठी मी एवढं खोटं बोलते, तर तू निदान खुशाली कळवावीस.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. परवा सांगलीच्या हळदपेठेतल्या पतसंस्थेकडून माझ्या नावानं एक छापील पत्र आलं. ही तीच पतसंस्था, जिच्याकडून अण्णांनी घराचा पाया घालताना पहिलं कर्ज घेतलं आणि वेळेच्या आधी फेडलं. पत्रात लिहिलंय, 'श्री. हरी रामचंद्र तेरदाळकर हे आमचे जुने कर्जदार असून त्यांनी पुन्हा अर्ज केला आहे. मध्यंतरी त्यांचे राहते घर जप्त होऊन लिलाव झाल्याचे समजते. तरी खालील चौकशीची उत्तरे भरून पाठवावीत.' खाली प्रश्न. अर्जदार आपणाकडे राहतात काय? प्रकृती कशी आहे? शब्दाला पक्के आहेत काय?

मी आधी हसले. पतसंस्थेत नवीन कारकून आला असेल, जुनी फाईल नव्या गठ्ठ्यात गेली असेल. मीही कारकूनच आहे, असं होतं. मी 'अर्जदार मयत, दिनांक २ मार्च १९९४' असं लिहून दाखल्याची नक्कल जोडली आणि पाठवून दिलं. एक प्रश्न तेवढा कोरा सोडला. तो फारसा महत्त्वाचा नव्हता.

पाठवल्यावर माझ्या ध्यानात आलं, की लिफाफ्यावर साताऱ्याच्या या खोलीचा पत्ता होता. पत्रात होतं, 'सदर पत्ता अर्जदाराने दिला.' अवधूत, मी इथे बदलून आले ती अण्णा गेल्यावर तीन महिन्यांनी. हा पत्ता त्यांना ठाऊक असायचं काही कारण नाही. तू कुठे त्यांच्या नावानं अर्ज केलास का? केला असशील तर रागवणार नाही, फक्त सांग.

तुझी,
ताई


सातारा, २८ सप्टेंबर १९९५

चि. अवधूत,
आशीर्वाद.

पितृपंधरवडाही तसाच गेला ना? मी पंचमीला गाईला घास दिला. लेकीनं दिलेला चालतो की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही.

काल शाळेत एक गृहस्थ आले. पलूसचे हंबीरराव, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. लिलावात आपलं सांगलीच्या खणभागातलं घर त्यांनी घेतलं. मला वाटलं होतं, हा माणूस समोर आला तर मी तोंड फिरवीन. पण ते इतके ओशाळून दाराशी उभे राहिले, की मीच खुर्ची पुढे केली.

"बाई, मी लढाई बघितल्याली हाय," ते म्हणाले, "सहसा भीत न्हाई. पर ह्ये काय चाललंय ते कळंना झालंय. चौकशीवालं येत्यात दारात. आदी पतसंस्थेचा आला. मग मार्केटातल्या सोसायटीचा. आन गेल्या म्हैन्यात बँकेचा. आवं, ज्या बँकेनं घर मला इकलं, तिचाच माणूस माज्या दारात येऊन इचारतोय, हरी तेरदाळकर हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी सांगितलं, त्यो माणूस वारला, घर आता माजं हाय. दोन डाव सांगितलं. तिसऱ्या डावाला मी न्हवतो, आमची मंडळी हुती घरात." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "ती म्हनली, हाईत की, आत बसल्यात."

तेच पुढे म्हणाले, "का म्हनली, तिचं तिलाबी ठावं न्हाई. भाकरी थापत हुती. मान वर न करता म्हनली. तव्यावरची भाकरी करपली तवा भानावर आली. तवर त्यो लिहून घेऊन गेल्याला."

त्यांच्याजवळ तीन पत्रं होती, ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली. अण्णांनी आयुष्यात ज्यांच्या ज्यांच्याकडून कर्ज घेतलं, त्या सगळ्यांची. रीत अशी आहे, की जप्ती झालेला माणूस पुन्हा कुठे अर्ज घेऊन गेला, की ती संस्था त्याच्या आधीच्या सावकारांना विचारते, घरच्यांना विचारते, घरी माणूस पाठवते. म्हणजे एवढ्या चौकशा येत आहेत, त्याअर्थी कुणीतरी फिरतं आहे. पेठेतून मार्केटात, मार्केटातून बँकेत. तसंच, ज्या क्रमानं अण्णांनी कर्जं घेतली त्या क्रमानं.

तिन्ही पत्रांत तो एक प्रश्न आहे, जो मी कोरा सोडला होता. 'मागील नोटीस अर्जदारास समक्ष पोचली होती काय?' या तिघांनी त्याच्याखाली शाईनं रेघ मारली आहे. कदाचित छपाईतच असेल.

अवधूत, एवढंच लिही, की मी नाही. म्हणजे मला झोप लागेल.

ताई


सातारा, २० नोव्हेंबर १९९५

चि. अवधूत,
आशीर्वाद.

तू मौनाचा नवस केला आहेस, असं मी आता धरून चालते. दिवाळीत तुझ्यासाठी फराळाचा डबा भरला आणि तो शेवटी शाळेच्या शिपायांनी खाल्ला. चकल्या चांगल्या झाल्या होत्या, तुला हळहळ वाटावी म्हणून सांगते.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत मी सांगलीला जाऊन आले. गेले ती थेट पेठेत. पतसंस्थेत ते जुने जोतीराम अजून आहेत. अण्णा आडतीच्या दुकानात दिवाणजी होते तेव्हा हे तिथे हळदीची पोती मोजायला असायचे, तुला ते खांद्यावर बसवून फिरवायचे. मला बघून खूश झाले.

"आवं ताई, अण्णांची तब्येत आता बरी हाय की!"

मी म्हटलं, "जोतीराम, अण्णा गेले. दीड वर्ष झालं."

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. मी त्यांना दाखला पाठवला होता, तो फाईलला लावलेला होता, पण लावणारा दुसरा आणि हे दुसरे. ते काउंटरच्या बाहेर आले आणि बाकावर माझ्याशेजारी बसले.

"जूनमदी आलं हुतं," ते हळू आवाजात म्हणाले. "दुपारच्याला. काळी टोपी, छत्री. ह्याच बाकावर बसलं. मला वाटलं, लकव्यातनं उठलं बिचारं. उजवा हातबी चांगला चालत हुता. अर्ज मागितला, माज्यासमोर भरला, सही केली. मी म्हनलं, अण्णा, किती पायजेत? तर म्हनलं, पैसं नकोत जोतीराम. फकस्त येक चौकशी हाय."

त्यांनी अर्ज काढून दाखवला. रकमेची जागा मोकळी आहे. कारणाच्या जागी अण्णांच्या त्या आखीव अक्षरात लिहिलंय, 'माझ्या नावची नोटीस कोणी घेतली, याची चौकशी व्हावी.'

आणि खाली सही. तुला त्यांची सही आठवते? 'हरी'च्या खाली एक तिरकी रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. लहानपणी आपण दोघं पाटीवर ती गिरवायचो आणि रेघ नेहमी कलायची. या अर्जावर रेघ बरोबर आहे. ठिपकेही आहेत.

जोतीरामनी विचारलं, "ताई, कसली नोटीस? कुनी घेतली हुती?" मी म्हटलं, मला काही कळत नाही. खणभागात घराकडे जायचं ठरवून गेले होते, ते न जाताच परतीची गाडी धरली. तेव्हापासून अंगात कसर आहे. डॉक्टर म्हणतात, हवा बदलल्यामुळे. सांगली ते साताऱ्यात काय एवढी हवा बदलते, देव जाणे.

मी तुला सगळं सांगत नाही आहे, हे तुला कळलं असेल. तू लहानपणापासून माझं खोटं ओळखतोस. एकदाच ओळखलं नाहीस.

ताई


सातारा, ८ जानेवारी १९९६

अवधूत,

हे पत्र मी रजिस्टरनं पाठवते आहे, पोचेसकट. उभ्यानं वाचू नकोस, बस.

काल मी खणभागात गेले. घराला हिरवा रंग दिलाय. अण्णांनी लावलेलं सोनचाफ्याचं झाड आहे. सुभेदारांची बायको रंगूबाई दारात उभीच होती, माझी वाट बघत असल्यासारखी. "तुमीच न्हवं त्यांची लेक?" म्हणाली आणि सरळ आत घेऊन गेली.

अण्णांची वेताची खुर्ची अजून पुढच्या खोलीत आहे. घराबरोबर तीही गेली होती, तुला आठवत असेल. लकव्यानंतरची अडीच वर्षं ते तिच्यावरच बसायचे, दाराकडे तोंड करून, टपालाची वाट बघत.

"मी रोज भिताकडं फिरवून ठेवती," रंगूबाई म्हणाली. "दुपारच्याला टपालवाला गल्लीत येतोय, तवा बगावं तर तोंड दाराकडं. भ्या न्हाई वाटत ताई, खोटं कशाला बोलू. कुनाला तरी कायतरी इचारायचं ऱ्हायलंय, आसं वाटतंय." मग माझ्यासमोर चहाचा कप ठेवून म्हणाली, "तुमी सांगून टाका की."

तिला काहीही माहीत नाही, अवधूत. तरी तिनं मला सांगून टाका म्हटलं. मी चहा तसाच टाकून उठले.

तर सांगते. ती नोटीस मी घेतली.

अण्णांचा उजवा हात गेल्यापासून त्यांच्या नावचं सगळं टपाल मीच घ्यायचे आणि त्यांचीच सही करायचे. नेहमीच्या पोस्टमनला ते चालायचं. अण्णाच म्हणायचे, "कर गं चारू, माझ्यापेक्षा बरी करतेस." फक्त खालची रेघ आणि ठिपके मी कधी दिले नाहीत. ती त्यांची खूण होती, ती मला घ्यावीशी वाटली नाही. बँकेतल्या त्या पोचेवर रेघ नव्हती. तू बघायला हवं होतंस. नाही, तुझ्यावर कशाला ढकलू? मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले.

अण्णा बुधवारी गेले. शनिवारी, चौथ्या दिवशी, तू अस्थी घेऊन हरिपूरला संगमावर गेला होतास. मी घरात एकटी होते. दारात बदली पोस्टमन आला. "हरी तेरदाळकर?" त्यानं विचारलं. आणि मी 'हो' म्हटलं. रडून रडून डोकं सुन्न झालं होतं, हातानं सवयीनं सही केली. तीन दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाची सही. 'मालक वारले' एवढे दोन शब्द बोलले असते, तर पाकीट परत गेलं असतं, बँकेला वारसांच्या नावानं सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

आणि सुतकात आलेला कागद तेराव्यापर्यंत उघडायचा नाही, हा आपल्या घरातला नियम, अण्णांनीच घातलेला. मी पाकीट आरशामागे खोचलं. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी तू पैशाची जमवाजमव करायला हुबळीला गेलास, आणि मी विसरले.

इथपर्यंत चूक आहे. इथून पुढे चूक नाही.

होळीच्या आधी आरसा पुसताना पाकीट खाली पडलं. मी उघडलं. तीस दिवसांची मुदत होती, त्यातले अकरा दिवस शिल्लक होते. हुबळीला तार एका दिवसात पोचते. तुझ्याकडे निम्मे पैसे जमले होते, उरलेले तुझा मालक द्यायला तयार होता, हे तूच नंतर बँकेत ओरडून सांगितलंस. मी तारेचा फॉर्मसुद्धा आणला होता. पण मग तू विचारलं असतंस, की ही कधी आली, कुणी घेतली. मेलेल्या माणसाच्या नावानं सरकारी कागदावर सही. माझी नोकरी कायम व्हायला तीन महिने होते. कुणी तक्रार केली, पोलीस आले, तर? बँका दोन-दोन, तीन-तीन नोटिसा पाठवतात, असं अण्णा म्हणायचे. दुसरी येईल, तेव्हा घाईनं तुला कळवू, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगायचे. अकरा सकाळी सांगितलं. दुसरी आली नाही, सील लावायला माणसं आली.

मग बँकेत तू अण्णांना ते बोललास आणि मी ऐकून घेतलं. घर गेल्याचं मला दुःख आहे, पण त्याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्या एका क्षणाची. तू आपल्या बापाला शिव्या देत होतास आणि त्या शिव्या माझ्या आहेत हे मला माहीत होतं.

माझ्याशी आयुष्यात बोलू नकोस, चालेल. पण अण्णांनी काही दडवलं नाही. ते दारोदार एवढंच विचारत फिरताहेत. पंचमी नऊ फेब्रुवारीला आहे, शुक्रवारी. तू हरिपूरला ये आणि त्यांना पाणी दे. मी गुरुजींना सांगून ठेवते.

चारुशीला


सातारा, २४ जानेवारी १९९६

अवधूत,

आज पोच परत आली. शाळेत सगळ्यांसमोर शिपायानं माझ्या टेबलावर ठेवली. गुलाबी कार्ड, हुबळीचा शिक्का, तारीख स्वच्छ उमटलेली. १७ जानेवारी १९९६.

सही तुझी नाही.

'हरी'. खाली तिरकी रेघ, रेघेखाली दोन ठिपके. शाई अजून ओली असावी असं वाटून मी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

माझं पत्र तुला मिळालं की नाही, मला आता कळायला मार्ग नाही. ज्यांना मिळायला हवं होतं त्यांना मिळालं. पण श्राद्ध ते स्वतःचं स्वतः कसं करतील? तू ये रे.

ताई


सातारा, ११ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. जिवंत होता तेव्हा एकाच घरात होतो, लिहायची गरज पडली नाही. पण मागचं पत्र तुम्हीच घेतलंत, तेव्हा पुढचं तुम्हाला कळवायला हवं.

शुक्रवारी मी सकाळच्या गाडीनं हरिपूरला गेले. घाटावर गुरुजी दर्भ, तीळ, भात सगळं मांडून बसले होते. दहा वाजले, अकरा वाजले. गुरुजी म्हणाले, बाई, आता कुणाची वाट बघायची? मी म्हटलं, थोडं थांबा. मग नदीकडे तोंड करून बसले, कारण रस्त्याकडे बघवेना.

तो आला. किती वाळलाय, अण्णा. तुमच्यासारखाच चालतो आता, एक खांदा पाडून. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात माझं पत्र होतं. म्हणाला, कामावरून आलो तर टेबलावर होतं, उघडून नीट सपाट करून ठेवलेलं, वर माझा नट आवळायचा पान्हा ठेवून. घरमालकीण कानडीत सांगत होती, की अज्जा आले होते, छत्रीवाले, पायरीवर बसून त्यांनीच पोस्टमनकडून घेतलं. मुलाचं आहे म्हणाले.

मग त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. शेवटी म्हणाला, "अकरा दिवस, ताई. अकरा." त्यानं मला मारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

त्यानं डोक्यावरून पाणी घेतलं आणि गुरुजींसमोर बसला. तुमचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याचा आवाज फुटेना. गुरुजींनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं मंत्र सोडून नुसतंच "अण्णा, चुकलो," म्हटलं आणि लहान मुलासारखा रडला. चुकले मी, माफी मागितली त्यानं. ती तुम्ही माझ्याकडून धरा.

चहा घेतला नाही. माझ्याबरोबर जेवला नाही. स्टँडवर मी त्याच्या गाडीशी उभी राहिले, तो समोर बघत बसला. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाला, "पुढच्या वर्षी पंचमी कधी येते, ते कार्डावर कळव." मला क्षमा केली आहे असं मी समजत नाही. पण कार्ड टाकायला सांगितलं आहे.

येताना पेठेत उतरले. जोतीरामकडून चौकशीचा कागद मागून घेतला आणि तो कोरा राहिलेला प्रश्न भरला. 'नोटीस अर्जदारास पोचली नाही. अर्जदार त्यापूर्वीच मयत. नोटीस मुलीने घेतली व दडवली.' खाली माझं पूर्ण नाव, माझी सही. त्याची नक्कल बँकेला दिली. घर परत मिळणार नाही, ते आता रंगूबाईचं आहे आणि ती ते नीट ठेवते. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

रंगूबाईचा निरोप आहे, की शुक्रवारपासून खुर्ची भिंतीकडेच आहे.

हे पत्र खणभागातल्या पत्त्यावर टाकते आहे, साध्या टपालानं. आता कुठे चौकशीला जाऊ नका, अण्णा. उन्हाचं फिरू नका. आणि याची पोच पाठवू नका.

तुमची,
चारू